मामफळाला बाजार कोण देणार? फलोत्पादन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय, फलोत्पादन विभाग, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मामफळाची, म्हणजे नर्सरीवाले लक्ष्मणफळ म्हणून विकतात त्या सीताफळाच्या कुळातल्या फळाची, माझी आख्खी खेप मुंबईच्या बाजारात काळी पडली. फळ मी वेळेत, कडक असतानाच काढलं होतं. गिऱ्हाईक नाही म्हणून दलालाने क्रेट सफरचंदांच्या थंड खोलीत ठेवले. या फळाला 12-13 डिग्रीच्या खालची थंडी सोसत नाही, साल काळी पडते आणि नंतर ते धड पिकतही नाही, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. दलालाने दिलेल्या हिशोबाच्या पट्टीत हमाली, तोलाई, भाडं कापून उलट माझ्याकडूनच येणं दाखवलंय.

झाडं लावली तेव्हा मेळाव्यात एका अधिकारी साहेबांनी स्टेजवरून शब्द दिला होता, नवीन फळं लावा, गर काढायचं युनिट आणि डीप फ्रीजर आम्ही देतो. आजवर ना युनिट आलं ना फ्रीजर. अनुदानाला गेलो तर 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या यादीत आंबा, काजू, कोकम, फणस, सीताफळ आहे, मामफळ नाही. मग लावा म्हणून सांगितलंत कशाला?

साहेब, याला कष्ट किती ते बघायला एकदा तळकोकणात या. फुलाचा मादी भाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात, म्हणून फळ कमी धरतं. मी आणि बायको ब्रशने एकेका फुलाला पराग लावत फिरतो. तिचे दागिने अजून बँकेत आहेत. रोपं बियांची, त्यामुळे एका झाडाचं फळ गोड, शेजारच्याचं आंबट, दोन-तीन किलोचं एक तर दुसरं मुठीएवढं. तिकडे पोर्तो रिकोच्या कृषी केंद्राने कधीच 14 प्रकार नोंदवून गोड, मध्यम, आंबट अशी वर्गवारी केली. आमच्या दापोली विद्यापीठाने आंब्याची रत्ना दिली, कोकमची अमृता दिली, मग मामफळाची चांगली झाडं निवडून कलमं करायला सांगा की त्यांना!

फळ काढल्यावर चार-पाच दिवसांत मऊ होतं, मग लगेच संपवावं लागतं, म्हणून याचा खरा धंदा गराचा आहे. मेक्सिको, कोलंबियात बिया काढून गर गोठवतात आणि वर्षभर सरबत, आइस्क्रीम करतात. आमच्याकडे मागणी कसली, तर कॅन्सरची. व्हॉट्सॲपवर फिरतं, केमोपेक्षा हजारो पटीने भारी. एक माणूस घाटावरून पानं मागायला आला, बायकोची केमो बंद केली म्हणाला. मी हात जोडले, म्हटलं डॉक्टरकडे परत जा, याने कॅन्सर बरा होतो असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. पानं दिली नाहीत. रात्रभर झोप लागली नाही हो. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर 1999 पासून डॉक्टर या झाडाच्या पानांच्या चहाचा आणि फळाचा मेंदूच्या आजाराशी संबंध तपासतायत, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी पानांची पावडर ऑनलाइन खुलेआम विकली जाते आणि खरं बोलणाऱ्या शेतकऱ्याचा माल सडतो.

सगळीकडे हेच चाललंय. रोपं किती वाटली त्याचे आकडे वर जातात, फोटो छापून येतात, पण माल निघाल्यावर तो विकायचा कुठे हे कोणाच्याच टेबलावर नाही. आंब्याचं नुकसान झालं तर निदान पंचनाम्याला माणूस येतो, आमच्या पिकाला तर सातबाऱ्यावर इतर फळझाडं म्हणून ढकलतात. नवीन पीक घ्या, नवीन पीक घ्या, आणि घेतलं की हात वर. मत मागायला मात्र सगळे बागेपर्यंत येतात.

मला कर्जमाफी नकोय. तालुक्याला गराचं एक युनिट आणि फ्रीजर द्या, योजनेच्या यादीत नाव घाला, कॅन्सरच्या नावाने पावडर विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा. पावसाच्या आधी लेखी उत्तर पाठवा. नाही आलं तर झाडं तोडून त्या जागी सुपारी लावणार आहे, खड्ड्यांची मापं घेऊन ठेवलीत.

आपला,
सिंधुदुर्गातला एक बागायतदार