नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

कार्यप्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) अपडेट बसल्यानंतर आमचा लॅपटॉप गोल फिरणाऱ्या ठिपक्यांच्या पुढे जाईना, आणि जेकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागावरच्या चादरींची सगळी डिझाइन त्यातच होती. अशा वेळी सोलापुरातील ज्यांनी हातातले काम बाजूला ठेवून मदत केली, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

नवी पेठेतील दुकानाच्या काउंटरवरील ताईंनी प्रथम चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायला लावले. त्याने काम झाले नाही. मात्र ठिपके दिसतात म्हणजे स्क्रीन बहुधा ठीक आहे, असे सांगून त्यांनी फॉरमॅट मारण्याची, म्हणजे सगळे पुसून टाकण्याची, घाई करू नका, असे बजावले. हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

पुढचे काम अक्कलकोट रोडवरील एका कारखान्यात संगणक सांभाळणाऱ्या तरुणाने केले. लॅपटॉप सुरू होत असतानाच दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा आला आणि तिथे 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचे कुलूप उघडणारा क्रमांक, मागितली गेली. ती माझ्या ऑनलाइन खात्यात सापडली. माझी मुलगी मोबाइलवरून सहा-सहा अंक वाचत होती, आणि तो तरुण प्रत्येक गट पुन्हा उच्चारून टाइप करत होता. त्याने कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) आधी सगळी डिझाइन पेन ड्राइव्हवर उतरवली आणि मगच शेवटचे अपडेट काढले. आधी माल सुरक्षित, मग दुरुस्ती, हा त्याचा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

दोघांनीही नाव देऊ नका म्हणून सांगितले आहे. आमची ऑर्डर वेळेवर गेली, ती त्यांच्यामुळेच.