आयसी खराब की आपली वायरिंग?

संपादक महोदय,

इंदूरच्या जेल रोडवरून मुलाच्या काउंटर (आकडे मोजणाऱ्या सर्किटच्या) प्रोजेक्टसाठी ७४एलएस९० ह्या ० ते ९ मोजणाऱ्या चिपच्या पाच आयसी आणल्या आणि एकही चालेना, आम्ही दोघांनी दुकानदाराला भरपूर नावं ठेवली, मग डेटाशीट (आयसीचं माहितीपत्रक) उघडली तर लाजच वाटली हो. १४ पायांच्या बहुतेक आयसीत सप्लाय १४ ला अन ग्राउंड ७ ला असतो, पण ह्या बाईसाहेबांचं सगळं उलटं, ५ व्होल्ट पाचव्या पायाला अन ग्राउंड दहाव्याला! ते बदललं तर आकडा ९ वरच अडकून बसला. कारण ६ अन ७ हे दोन पाय मोकळे सोडले होते, टीटीएलमधे (ही आयसी ज्या जातीची आहे त्यात) मोकळा पाय हाय, म्हणजे १, समजला जातो, अन ते दोन्ही हाय असले की काउंटर ९ वरच थांबतो. ग्राउंड केले (२ अन ३ पण), तीन आयसी धावल्या.

उरलेल्या दोन मात्र नाहीच. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्या तर वरची अक्षरं निघाली अन खाली दुसराच नंबर! दुकानदार म्हणे, बिका हुआ माल वापस नहीं. अहो, चूक आमची असती तर गप बसलो असतो, पण पुसून छापलेला माल परत घ्यायला काय हरकत आहे? दुकानात आयसी तपासायचा एक टेस्टर तरी ठेवा की.

– एक इंदूरकर पालक