मा. गृहमंत्री महोदयांस खुले पत्र: आमचं पिस्तूल परत मिळालं, आभारी आहे

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

निवडणूक पार पडली, आपण निवडून आलात, अभिनंदन. आचारसंहितेपायी पोलिस ठाण्यात जमा केलेलं आमचं पिस्तूलही परवा परत मिळालं. जे काही उरलंय ते.

हे बेरेटा, १९३५ चं मॉडेल, .३२ बोअर. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच लढाईत तेही होते. पिस्तूल तिकडूनच आलं. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, ‘१९४२’ आणि पुढे रोमन आकड्यांत वीस, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीचं विसावं वर्ष. संग्राहक जीव टाकतात तो या छापावर आणि मूळ निळसर काळ्या झिलईवर.

आपल्या खात्याने त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने अनुक्रमांक टाकला आणि परत देताना तो पॉलिश पेपरने घासून काढला. सोबत झिलई गेली, मुसोलिनीही गेला. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, गायब. पावतीवर ‘पिस्तूल १ नग’ एवढंच असल्यामुळे मॅगझिन कधी नव्हतंच, असं मला समजावण्यात आलं. नळीतला गंज मात्र पावतीवर नसूनही मिळाला.

मुळात सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नसतात. कुणाची घ्यायची ते छाननी समितीने ठरवायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. माझ्यावर साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारही, नाही. ज्यांच्यावर गुन्हे आहेत ते कमरेला लावून रील काढतात, त्यांचं कोण जमा करतं?

२०१९ ला दिल्लीने कायदा बदलला: तीनाऐवजी दोनच शस्त्रं. आधी तर एकच म्हणत होते, ओरड झाली म्हणून दोन. वडिलोपार्जित असलं तरी सूट नाही. पणजोबांची ठासणीची बंदूक त्यात गेली. ती घेऊन कुणी दरोडा घालायचा म्हटलं, तर बार भरेपर्यंत दरोडेखोर म्हातारा व्हायचा! २०२० मध्ये गाजावाजा झाला की ‘क्युरिओ’, म्हणजे जुनं, संग्रहात ठेवण्याजोगं शस्त्र बाळगायला परवाना नको. ते क्युरिओ आहे हे ठरवायचं कुणी? तहसीलवाले कलेक्टर कचेरीकडे बोट दाखवतात, कचेरी पोलिसांकडे.

२०१६ अखेर देशात ३३ लाखांवर परवाने, त्यातले १२ लाखांवर एकट्या उत्तर प्रदेशात. त्या ढिगात जुनं जपणारे आम्ही मूठभर, आणि बडगा आमच्यावर.

सरकार तरी काय जपतं म्हणा! १९२८ ला साँडर्स या इंग्रज पोलिस अधिकाऱ्यावर झाडलेलं भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरच्या बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) संग्रहालयात वर्षानुवर्षं काळ्या रंगाखाली पडून होतं. रंग खरवडला, नंबर जुळला, तेव्हा कळलं ते कुणाचं. तिथे भगतसिंगांची ही गत, आमच्या सुभेदार आजोबांना कोण विचारतो?

माझं मॅगझिन शोधून द्या. जमा करताना वर्णनासह पावती द्या, फोटो काढा. आणि ते पॉलिश पेपर ठाण्यातून हद्दपार करा.

परवान्याचं नूतनीकरण जवळ आलंय. तेव्हा हेच पिस्तूल त्याच ठाण्यात दाखवायचंय, आणि तिथलेच साहेब विचारणार, ‘देखभाल नीट का केली नाही?’ काय सांगू, तेवढं कळवा.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक परवानाधारक