बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

नाइट ड्युटीत तुम्ही माझ्या कॉटपाशी थांबलात, त्यासाठी हे पत्र. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात रात्री एकेका सिस्टरच्या वाट्याला किती बाळंतिणी येतात ते मी पाहिलंय. तुमच्या त्या अर्ध्या तासाचं मोल मला ठाऊक आहे.

सिझरचे टाके ठणकत होते आणि जो तो विचारायचा, "दूध आलं का?" चिकाच्या चार थेंबांपलीकडे काही दिसेना. वरच्या दुधाची बोलणी सुरू झाली होती. तुम्ही म्हणालात, वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन उतरतं, मग दूध भरून यायला दोन-तीन दिवस जातातच. तोवर बाळाचं इवलंसं पोट या चिकावर भागतं.

मग आतलं सगळं समजावलंत. द्राक्षांच्या घडासारख्या बारीक पिशव्या, त्यांत दूध बनतं. बाळ ओढू लागलं की मेंदूला निरोप जातो आणि तिथून दोन हार्मोन्स सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवतं. ऑक्सिटोसिन पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून ते नळ्यांतून पुढे ढकलतं. वेदना आणि धास्तीने अडतं ते हे ढकलणं. दूध असतं, पान्हा फुटत नाही. एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्यात काही कमी आहे, असं तोवर प्रत्येकाच्या नजरेत वाचत होते मी.

तुम्ही बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलंत. त्याने मोठा आ केल्यावरच जवळ घेतलंत, हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं. थोड्या वेळाने गुटक, गुटक. ऐका, म्हणालात.

जितकं रिकामं होईल तितकं नवं बनतं आणि रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नका, हेही तुमचंच. घरी सगळे "रात्री बाटली दे, जरा झोप" म्हणत असताना मी त्यावरच ठाम राहिले. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. ज्या शहरात हे घडलं, तिथे कुठल्याच बाळंतिणीला "तुला दूधच नाही" हे सहज ऐकवलं जाऊ नये, असं मला फार वाटतं.

लेक आता सहा महिन्यांचा झाला, नुकतीच पेज सुरू केलीय. जावेला सातवा लागलाय. तिचं नाव तुमच्याच रुग्णालयात घातलंय, आणि मी तिला सांगून ठेवलंय, रात्रीच्या सिस्टरना न घाबरता हाक मार.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवरची बाळंतीण