प्रतिवादी क्रमांक ३

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोन मधेच ठेवलास म्हणून हे लिहीत नाहीये. रागात फोन आपटायची आपल्या घरात जुनी रीत आहे, आक्काला विचार. फोनवर मला धड बोलता येत नाही आणि तू धड ऐकून घेत नाहीस, म्हणून कागद घेतला. सोबत एक झेरॉक्स जोडली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो, आधी कामाचं.

तुमच्या कोर्टातल्या नोकरांची तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली, त्यात मनीचं नाव तुझ्या वर गेलं, आणि तू थेट वकील गाठून हायकोर्टात रिट टाकायला निघालीस. अगं, यादी तात्पुरती आहे. हरकती असतील त्यांनी अमुक तारखेच्या आत लेखी द्याव्यात, असं तिच्या खालीच लिहिलेलं असतं. ती पायरी सोडून गेलीस तर पहिल्याच तारखेला विचारतील, हरकत दिली होती का? नाही म्हटलंस की आधी ती द्या म्हणून परत पाठवतील. वकिलाची फी गेली ती गेलीच.

तुझं म्हणणं नियमाला धरून आहे. हे मी फोनवरही म्हणालो होतो, पण तोवर तू ऐकायचं थांबली होतीस. तुम्ही दोघी एकाच निवड यादीतल्या. एका यादीतून सरळसेवेने आलेल्यांची आपसातली ज्येष्ठता निवड यादीतल्या क्रमांकावर ठरते, कोण आधी हजर झालं यावर नाही. तुमच्या भरतीच्या वेळी १९८२ चे ज्येष्ठतेचे नियम होते. आदेशापासून तीस दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर साहेबांनी वाढवून दिलेल्या मुदतीत, एवढी एकच अट. तू वाढीव मुदतीत हजर झालीस. म्हणून इतकी वर्षं प्रत्येक यादीत तुझं नाव मनीच्या वरच होतं. या वेळी यादी नव्याने काँप्युटरवर करताना कोणीतरी हजर झाल्याच्या तारखेचा रकाना धरून ओळी लावल्या असाव्यात. असं आपलं मला वाटतं. तुला वाटतं की मनी आस्थापना शाखेत, नोकरांचे कागद ठेवतात तिथे बसते, तिनेच केलं.

तू तिला विचारलंस का?

वकिलांनी तुला इंजिनिअरांच्या खटल्यातला १९९० चा पाच न्यायाधीशांचा निकाल दाखवला म्हणालीस. तो आपल्या महाराष्ट्रातलाच, पण त्यातलं भांडण सरळसेवावाले आणि पदोन्नतीवाले यांच्यातलं. नियमाने नेमणूक झाली असेल तर सेवा कधीपासून धरायची आणि तात्पुरत्या नेमणुकीची वर्षं धरायची की नाही, हा त्यातला प्रश्न. तुमच्या दोघींत तसं काहीच नाही. उलट तो निकाल वरवर वाचला तर नेमणुकीची तारीख, नेमणुकीची तारीख असंच कानात राहतं, आणि ते तुझ्याच अंगावर यायचं. मी बेलिफ होतो, वकील नव्हे, तेव्हा वकिलांना सांगू नकोस की आमचे अण्णा असं म्हणतात. पण नियम आणि मुदतवाढ एवढ्यावरच बोला, असं तुझं म्हणून सांग.

आणि आपल्याला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, नाही हे लक्षात ठेव. तहसीलमधल्या कारकुनाचं असं काही झालं की तो मॅटमध्ये जातो. कोर्टाच्या नोकराला १९८५ च्या न्यायाधिकरण कायद्याने त्यातून वगळलं आहे. आपल्याला थेट हायकोर्टात जावं लागतं, आणि २३५ कलमाने खालच्या कोर्टांवर ताबा हायकोर्टाचाच. म्हणजे जाब विचारायचा तो हायकोर्टाच्या प्रशासनाला, आणि विचारायचा हायकोर्टातच. यात वावगं काही नाही, न्याय मिळतोही. पण प्रतिवादी क्रमांक १ हायकोर्ट प्रशासन, क्रमांक २ आपले प्रमुख जिल्हा न्यायाधीश, आणि क्रमांक ३? ज्याचं नाव खाली जाणार त्याला पक्षकार केल्याशिवाय ज्येष्ठतेचं रिट उभं राहत नाही. ते बरोबरच आहे. कुणाच्या पाठीमागे त्याची जागा काढून घेता येऊ नये. पण ती तिसरी ओळ टाईप होताना तुझ्या डोळ्यांसमोर येते का?

माझ्या येते. माझी सगळी नोकरी नोटिसा देण्यात गेली. लोक बेलिफाला शिव्या देतात, कुत्रं सोडतात, नवरा घरात असून बायको सांगते की परगावी गेलेत. त्याचं काही वाटत नाही. कुणी घेतच नाही म्हटलं की दोन पंच बोलवायचे, दाराला चिकटवायची, अहवाल लिहायचा आणि सायकलवर बसायचं. पण भावाने भावावर केलेल्या दाव्याचं समन्स असलं, की घेणारा माणूस आधी वादीचं नाव वाचतो. मग रक्कम, मग तारीख. सही करताना माझ्याकडे बघत नाही. कुलकर्णी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने मला चहा पाजला, सही केली आणि विचारलं, ‘त्याची तब्येत बरी होती का हो?’ त्याला वाटलं धाकट्याने माझ्या हातात कागद दिलाय. मी काय सांगणार, मला तो नाझरसाहेबांच्या टेबलावरून मिळाला होता.

हे लिहायचं नव्हतं. मुद्दा हरकतीचा होता.

हरकत देताना तिच्यात मनीचं नावही घालायची गरज नाही. माझा निवड यादीतला क्रमांक अमुक, मुदतवाढीचा आदेश अमुक तारखेचा, मागच्या यादीत मी अमुक क्रमांकावर, या यादीत अमुक क्रमांकावर, तरी मूळ क्रमांक कायम ठेवावा. दीड पान पुष्कळ झालं. ‘हेतुपुरस्सर’, ‘संगनमताने’ हे शब्द काढून टाक. व्हॉट्सॲपवर तू जो मसुदा पाठवलास त्यात ते चार ठिकाणी आहेत. सिद्ध करता येत नाही ते लिहू नये, आणि लिहिलेलं फाइलला कायम राहतं. गोपनीय अहवाल लिहिणारे साहेबही तीच फाइल चाळतात. मे अखेरीस सहायक अधीक्षकांची जागा रिकामी होतेय म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, हे मला कळतं. पण पदोन्नती हा हक्क नाही, विचार होण्याचा हक्क आहे, आणि तो विचार करणारी माणसं तुझा कागद वाचणार आहेत.

बघ, पुन्हा शाळा भरवली. तुझी नोकरी आता मुरलेली आहे, तुला ‘संगनमत’ शब्द मी शिकवायचा हे बरं दिसत नाही. माफ कर. तुझी आई म्हणते निवृत्त झाल्यापासून मी घरालाच ऑफिस केलंय.

आता झेरॉक्सचं. एलआयसीच्या कागदांबरोबर ट्रंकेत होती. तुझ्या सेवापुस्तकात मूळ प्रत असायलाच हवी, पण नसली तर म्हणून पाठवतो. नीट बघ. मुदतवाढीचा तुझा अर्ज, डाव्या समासात साहेबांचा शेरा, ‘विनंती मान्य’, खाली तारीख आणि लफ्फेदार सही. आवकचा शिक्का फिसकटलाय, तरी क्रमांक वाचता येतो. तुझी केस जिंकायची ती या एका कागदावर.

अक्षर ओळखलंस?

तुझ्या आईला आयसीयूत नेलं त्या संध्याकाळी तुझा हात इतका थरथरत होता की पेन धरवेना. मनी तेव्हा नोकरीला लागून आठवडाच झाला असेल. कोर्ट सुटलं की डबा घेऊन यायची. तिथेच बाकावर, मांडीवर एक्स-रेचं पाकीट ठेवून तिने हा अर्ज लिहिला, तू नुसती खाली सही केलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच घेऊन गेली आणि आस्थापनेत उभी राहून शिक्का मारून आणला. तुझ्या मुदतवाढीशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं. तू हजरच झाली नसतीस तर ती एक नंबर वर सरकली असती.

तू म्हणशील, अण्णा, मग तिला तर सगळं ठाऊक आहे, यादी चुकली हे तिने बोलायला नको? हा प्रश्न मीही स्वतःला रोज विचारतो. बरं वाटत नाही. तिलाही घर आहे, मुलाची फी आहे, नवऱ्याचं दुकान चालत नाही असं ऐकतो. सहायक अधीक्षकाची खुर्ची समोर दिसली की माणूस गप्प राहू शकतो. किंवा तिला वाटत असेल की तू बोलशील, आणि तुला वाटतंय की ती बोलेल. तिने यादी टाईप केली असेलही. टाईप करणारा ठरवत नाही हे तुला मी सांगायला नको. पण विचारल्याशिवाय यातलं काहीच कळायचं नाही. तुम्ही दोघी एका मजल्यावर बसता आणि महिनाभर जेवणाच्या सुट्टीत वेगळ्या टेबलावर, हे मला तुझ्याकडून नाही, शिपायांकडून कळलं.

अप्पाकाकांच्या ज्येष्ठतेच्या खटल्याचं तुला अर्धवट माहीत आहे. ते खरे होते, कागद त्यांच्या बाजूने होता. तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच कुठलं, ते परवा २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. अप्पाकाका महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर बसून मुंबईला जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. निकाल त्यांच्यासारखा लागला, पण निवृत्तीनंतर. मानीव दिनांक मिळाला. म्हणजे अमुक तारखेपासून तुम्ही अधीक्षक होतात असं मानायचं, पगार कागदावर निश्चित करायचा, आणि त्या पदावर काम केलं नाही म्हणून थकबाकी नाही. पेन्शन थोडी वाढली. समोरचा माणूस तोवर त्याच खुर्चीवरून निवृत्त झालेला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत दोघं एकाच रांगेत असतात, आणि मधे कुणीतरी उभं राहावं म्हणून मला बोलावतात. मी जातो.

आता कोल्हापूरला सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सगळ्यांना ते सोयीचं वाटतं, मलाही वाटायला हवं.

गप्प बस असं मी तुला सांगत नाहीये, हे नीट वाच. कनिष्ठाला वर नेलं तर सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात दाद मागा, असं सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात १९७४ लाच सांगून ठेवलंय. उशीर करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. हरकत फेटाळली, अंतिम यादीतही हेच राहिलं, तर रिट टाक. पैसे मी देईन, जावईबापूंना सांगू नकोस. तू सहायक अधीक्षक व्हावीस असं मला किती वाटतं हे मी तोंडाने कधी बोललो नाही. ज्या केबिनच्या दारात मी नोटिसांचा गठ्ठा घेऊन ‘येऊ का साहेब’ म्हणत उभा राहायचो, तिथे आत तू बसलेली असणार. परवा तेच डोक्यात घेऊन बाजारात निघालो आणि ओळखीच्या माणसाला उगाचच हसलो.

फक्त रिट टाकायचं ठरलं तर आधी मनीकडे तू स्वतः जा. तिच्या घरी, ऑफिसात नाही. सांग की मी तुला पक्षकार करतेय, कायद्याने करावं लागतं. भांडली तर भांडू दे. नोटीस घेऊन तिच्या दारात दुसऱ्या कुणी बेलिफाने आधी जाऊ नये. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय का? असू दे.

आईला यातलं काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. आपल्या ऑपरेशनमुळे पोरीचा नंबर गेला असं ती धरून बसेल. नंबर गेलेला नाही, मुदतवाढ होती, हे तिला कितीही सांगितलं तरी पटायचं नाही. हे पत्रही ती देवळात गेली तेव्हा लिहायला घेतलं, आता चपलांचा आवाज आला म्हणून आवरतं घेतो.

हरकत योग्य मार्गानेच पाठव, वरिष्ठांमार्फत. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. झेरॉक्स साक्षांकित करून घे, आणि सेवापुस्तक तपासायचा अर्ज वेगळा दे, हरकतीतच घुसडू नकोस. मुदत शुक्रवारी संपते म्हणालीस ना, मग गुरुवारी दे. पिलूला पापा. मनीचा मुलगा यंदा दहावीला आहे ना?

तुझे,
अण्णा