व्हँकूवरच्या पावसाबद्दल, आईकडून

रत्नागिरी, नोव्हेंबर

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, व्हँकूवरात रत्नागिरीपेक्षा जास्त पाऊस पडतो." भूगोलाच्या बाईंना हे सांगतोस? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तुमच्या विमानतळावर साधारण बाराशे. पण आपला पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो. तुमचा ऑक्टोबरात लागला की मार्चपर्यंत रिपरिपत राहतो आणि आभाळ काही उघडत नाही.

तरी तुझी मरगळ पावसाची नाही, उजेडाच्या टंचाईची आहे, असं माझं मत. तू ४९ अक्षांशावर राहतोस, बाळा. डिसेंबरअखेर तिथला दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. आपला तेव्हाही अकरा तासांचा असतो. त्यातून वर सतत ढग. आणि तू दुपारी उठणार, मग रात्रीपर्यंत लायब्ररीत बसणार, म्हणजे जो काही उजेड मिळायचा तोही झोपेत गेला! रोज अकराच्या सुमारास तासभर बाहेर चालून ये, पाऊस असला तरी. टोपीचं चांगलं जॅकेट घे, त्यात पैसे वाचवू नकोस.

थंडीबद्दल मात्र कुरकुर करायची नाही. जवळपास त्याच अक्षांशावरच्या, कॅनडातल्याच विनिपेग शहरात जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं, तुमच्याकडे शून्याच्या वर ४. पश्चिमेचे वारे प्रशांत महासागराची ऊब घेऊन येतात आणि पूर्वेचे डोंगर खंडातली गोठलेली हवा बहुतेक वेळा अडवतात. तेच वारे उत्तरेच्या डोंगरांना धडकून वर चढतात, म्हणून नॉर्थ व्हँकूवरला विमानतळाच्या दुपटीच्या आसपास पाऊस होतो. आंबा घाटात तू हे डोळ्यांनी पाहिलं आहेस. तेव्हा तो मित्र डोंगराच्या पायथ्याशी खोली बघू म्हणतोय ना, त्याला सांग, आधी दक्षिणेला रिचमंडकडे बघू.

उन्हाळा आपल्या उलट. जुलै-ऑगस्टात समुद्रावरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो, पाऊस जवळजवळ थांबतो, हिरवळ वाळून पिवळी पडते. दुपारी बावीस-तेवीस अंश म्हणजे आपल्या दृष्टीने सुखच. पण फार भुलू नकोस. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत तुमच्याच प्रांतातल्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले. प्रांतभर ६१९ माणसं दगावली, बहुतेक जण घरातच. पुष्कळांकडे एसी नव्हता. कधी वणव्यांचा धूरही शहरावर येऊन बसतो. टेबलफॅन मे महिन्यातच घेऊन ठेव, लाट आल्यावर दुकानात मिळणार नाही.

बाबा विचारतायत, कपडे वाळतात का? मी म्हटलं, ड्रायर असतो. मोज्यांचं मात्र खरं काय ते कळव.

तुझी,
आई