पाककृतींत मिठाचंही माप छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती मी नेमाने वाचते. तेल दोन चमचे, तिखट एक चमचा, हळद पाव चमचा, सगळं मोजून दिलेलं असतं. मिठापाशी आलं की मात्र 'चवीनुसार'. यापुढे मिठाचंही माप छापावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सांगलीत खानावळ चालवते. जेवायला येतात ती बहुतेक विशी-तिशीतली मुलं, नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी आलेली, तब्येतीने ठणठणीत. भाजी चाखायच्या आधीच मीठ मागणारे त्यांत बरेच. टोकलं तर 'काकू, मला कुठे बीपी आहे?' हे उत्तर ठरलेलं. मीठ कमी खाणं म्हणजे पथ्य आणि पथ्य आजाऱ्याने पाळायचं, ही समजूत घरोघरी आहे. आजोबांची आमटी वाटीत वेगळी काढायची आणि मग उरलेल्या पातेल्यात हात सैल सोडून मीठ घालायचं. हे वेगळं काढणंच मला पटत नाही.

बीपी नसलेल्यांवर मिठाचा परिणाम होतो का, हे नीट तपासलं गेलं आहे. किमान चार आठवडे मीठ बेताने कमी करून पाहिलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. रोजचं मीठ सरासरी 4.4 ग्रॅमने कमी झालं, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सुमारे 5.4 ने उतरला. ज्यांचा रक्तदाब नॉर्मल होता त्यांचाही सुमारे 2.4 ने उतरला. अडीच अंशांचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. एका माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे, जिना चढून आलं तरी आकडा त्याहून जास्त हलतो. शिवाय मिठाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. पण वयाबरोबर रक्तदाब वाढणारच, असं जे आपण धरून चालतो, त्यात मिठाचा वाटा आहे आणि ती वाढ विशी-तिशीतच सुरू झालेली असते.

1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' पाहणीत कोण किती मीठ खातं हे कळावं म्हणून 32 देशांतल्या दहा हजारांहून जास्त माणसांची चोवीस तासांची लघवी तपासली होती आणि रक्तदाबही मोजला होता. आपल्याकडची दिल्ली आणि लडाख ही केंद्रंही त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा वरचा आकडा सरासरी 95 च्या आसपास निघाला आणि वय वाढलं तरी तो चढत नव्हता. त्यांची राहणी सर्वस्वी वेगळी आहे, त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देता येणार नाही, हे मला कळतं. तरी म्हातारपण आणि बीपी यांची जोडी अटळ नाही, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

शरीरात होतं ते असं. मिठातलं सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतलं द्रव वाढतं आणि जादा मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना जास्त दाब लागतो. तरुणपणी हे निमूट निभावतं, म्हणून कुणाला काही जाणवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा साधारण एक सपाट चमचा, तोही सगळ्या पदार्थांत मिळून. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपली सरासरी 8 ग्रॅम निघाली. पुरुषांची त्याहून जास्त. घरी ताडून पाहायचं तर हिशोब सोपा आहे: चार मोठ्या माणसांच्या घरात किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपत असेल तर आपणही त्या 8 ग्रॅमवाल्यांत आहोत. आणि यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील, बेकरीचा पाव धरलेलाच नाही. पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच. सैंधव वापरतो म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

कमी मिठाचं कुणी खाणार नाही, ही भीतीही खरी नाही. ब्रिटनमध्ये कारखान्यांकडून पावातलं आणि इतर तयार पदार्थांतलं मीठ टप्प्याटप्प्याने कमी करून घेतलं. 2003 ते 2011 या काळात तिथलं सरासरी सेवन 9.5 वरून 8.1 ग्रॅमवर आलं. हळूहळू उतरवलं तर जीभ काही आठवड्यांत रुळते. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या पातेल्यातूनच पोटात जातं, तेव्हा सरकारच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. माझ्या खानावळीत आमटी-भाजीचं मीठ मोजूनच पडतं आणि वर लिंबाची फोड, कोथिंबीर असते. मिठाची वाटी टेबलावर ठेवत नाही, मागितली तर देते. उन्हात राबून, घाम गाळून येणाऱ्याला मी अडवत नाही, त्याची गरज वेगळी असते.

बाजारात पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठही मिळतं. ते उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ही सूचना आपण चौकटीत छापली तर फार बरं होईल.

पाककृतीत मीठ लिहिताना बारीक की जाडं तेही लिहावं, चमच्यात दोन्हींचं वजन सारखं भरत नाही. चमचा सपाट की शिगोशीग आणि पदार्थ किती जणांना पुरेल, हेही द्यावं. वरून फरसाण किंवा पापडाचा चुरा घालायचा असेल, तर पातेल्यातलं मीठ तेवढं कमी धरावं.

आपली,
एक खानावळवाली वाचक, सांगली